परक्या नगरांतील पहिलें वर्ष

शास्त्रपाठ : दानीएल, अध्याय १, यिर्मया, अध्याय २९.

पावसाळा लागला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत दरवर्षीं एक देखावा दिसतो. पहांटेच्या एस. टी. पाशीं एक नवी बॅग, तिच्यावर बांधलेली वळकटी, भाकरी-चटणीचें गांठोडें, आणि बाजूस उभीं असलेलीं आईबाप. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन पुण्यास, मुंबईस किंवा जिल्ह्याच्या गांवीं कॉलेजांत निघालेली असते. पाळक किंवा उपदेशक प्रार्थना करितात, गाडी हालते, आणि आपलें काम झालें असें समजून मंडळी घरीं जाते. आमचें म्हणणें असें आहे कीं काम तेथून पुढें सुरू होतें, आणि तें आपल्यापैकीं फार थोडे लोक करितात. त्या थोड्यांत आमचीही गणना नव्हती, हें पुढें दिसून येईल.

यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकीर्दीच्या तिसऱ्या वर्षीं बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेमेस वेढा घातला, आणि तेथील चांगल्या घराण्यांतील कांहीं तरुण आपल्या नगरीं नेले. ही गोष्ट इ. स. पूर्वीं सुमारें ६०५ सालची मानितात. या तरुणांस राजानें तुरुंगांत टाकलें नाहीं; त्यांस विद्येस लाविलें. खास्द्यांची भाषा व शास्त्रें शिकण्यास तीन वर्षांची मुदत, राजाच्या मेजावरील अन्न व द्राक्षारस रोज नेमलेला, आणि मुदत संपल्यावर राजासमोर परीक्षा. तीन वर्षें, वसतिगृह, भोजनाची सोय, परकी भाषा व शेवटीं परीक्षा : आपल्या मुलांच्या पदवीच्या अभ्यासक्रमाहून हें फारसें निराळें नाहीं.

त्या भाषेची एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. इब्री मुलास बावीस अक्षरें आलीं कीं लिहितां येत असे. बाबेलांत ओल्या मातीच्या विटेवर बोरूनें टोंचून लिहीत, आणि तीं चिन्हें शेंकडों होतीं. दानीएल, हनन्या, मिशाएल व अजऱ्या हे आपल्या घरीं शहाणे म्हणून नांवाजलेले तरुण होते. परंतु त्या वर्गांत पहिल्या दिवशीं ते सर्वांत मागासलेले ठरले असले पाहिजेत. पवित्र शास्त्रांत याचें वर्णन नाहीं, पण ज्यानें कोणी मराठी शाळेंतून निघून इंग्रजी व्याख्यान प्रथम ऐकिलें आहे, त्यास तें सांगावें लागत नाहीं.

पुढें त्यांचीं नांवें बदललीं. 'देव माझा न्यायाधीश' असा ज्याच्या नांवाचा अर्थ, त्या दानीएलाचें बेल्टशस्सर झालें, आणि त्या नांवांत बाबेलच्या देवतेचा उल्लेख होता. ही बाब लहान नव्हे. तरी दानीएल नांवावरून भांडला नाहीं. खास्द्यांची विद्या शिकण्यासही तो नाहीं म्हणाला नाहीं. उलट ती त्यानें त्यांच्याहून अधिक आत्मसात केली. त्याचा निश्चय एका गोष्टीपुरता होता, कीं राजाच्या अन्नानें व द्राक्षारसानें आपण विटाळून घ्यावयाचें नाहीं.

आमचे कित्येक उपदेशकबंधु या अध्यायावर बोलतांना दारूनिषेधाचा उपदेश करून थांबतात. दारू वाईटच आहे, व वसतिगृहांत ती पहिल्या तीन महिन्यांतच समोर येते, हेंही खरें. परंतु या अध्यायांत आम्हांस याहून उपयोगाची गोष्ट दिसते. दानीएलानें पाय रोवून उभें राहण्याची जागा एकच निवडली, आणि बाकी ठिकाणीं तो वांकला. आपण मात्र मुलास निरोप देतांना वीस मनाया बरोबर देतों : असा वेष करूं नको, सिनेमास जाऊं नको, मोबाइल हातीं धरूं नको, त्यांच्या सणास जाऊं नको, त्यांच्या डब्यांतलें खाऊं नको. पंधरा दिवसांत त्यांतील पंधरा मोडतात, आणि मग मुलास वाटतें कीं आतां आपण गेलोंच. तेव्हां उरलेल्या पांच तरी कशास पाळाव्या? मुलगा निघण्यापूर्वीं त्याच्याशीं बसून इतकेंच ठरवावें कीं अन्न कोणतें आणि नुसतें नांव कोणतें. सोबत्यांनीं खेडवळ म्हणून हिणविलें, तर तें नांव आहे. परीक्षेंत दुसऱ्याचें उतरून काढणें, मुलीची अब्रू थट्टेवारी नेणें, बापाचे पैसे पत्त्यांत घालविणें, हें अन्न आहे; तें पोटांत गेलें म्हणजे रक्तांत जातें.

आणखी असें पाहा कीं दानीएलानें बंड केलें नाहीं. त्यानें विनंति केली. खोजांचा सरदार दयाळू होता पण राजास भीत होता. म्हणून दानीएल कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला कीं दहा दिवस आम्हांस शाकान्न व पाणी देऊन पाहा, आणि मग आमचीं तोंडें बघून काय तें ठरवा. एका दाराशीं काम झालें नाहीं म्हणून तो परत फिरला नाहीं. दुसऱ्या दाराशीं गेला, व मोठें वचन न मागतां दहा दिवसच मागितले. मागावयास तोंड उघडणें ही गोष्ट आपल्या मुलांस येत नाहीं. आमच्याविषयीं तर आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

आमचें पहिलें वर्ष सांगावयास अद्याप संकोच वाटतो, तरी सांगतों. वडिलांनीं बैलजोडी विकून फी भरली होती. बारावीपर्यंत पुस्तकें इंग्रजी असलीं तरी गांवचे मास्तर तीं मराठींतून समजावीत. कॉलेजांत पहिल्या तासास प्राध्यापक जें बोलले त्यांतील 'गुड मॉर्निंग' एवढेंच आम्हांस कळलें. शेजारचीं मुलें भराभर लिहीत होतीं म्हणून आम्हीही मान खालीं घालून वहींत रेघा ओढीत बसलों. पहिल्या आठवड्यांत वसतिगृहांत आम्हांस 'भाकरी' असें नांव पडलें, कारण आमच्या गांठोड्यांत तीच होती. उपासनेस दोन आदितवार गेलों. मंदिर मोठें, मंडळी शहरी, कोणीं ओळख विचारिली नाहीं. तिसऱ्या आदितवारीं निजून राहिलों. मात्र घरीं पत्र दर आठवड्यास जाई : सर्व क्षेम आहे, अभ्यास उत्तम चालला आहे, काळजी नसावी. त्यांतील एकही वाक्य खरें नव्हतें.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या मंडळीचे वृद्ध उपदेशक, ज्यांस सारा गांव काका म्हणे, ते कोणास न कळवितां एस. टी. नें आले. आमच्या खाटेवर बसले, गांठोडें सोडलें, आणि थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाळ, तुझीं पत्रें फार नीटनेटकीं येतात. सुखी पोर इतकें नीट लिहीत नाहीं." आमच्यानें राहवेना, आम्ही रडलों. काकांनीं विचारिलें, "कोणता विषय कळत नाहीं ?" आम्ही म्हटलें, "काका, सगळेच." "मग एकापासून लागूं या. तुझे गुरुजी बसतात कोठें ?"

रात्रीं ते खालीं सतरंजीवर निजले, आणि सकाळीं धोतर-पागोट्यानिशीं प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशीं जाऊन उभे राहिले. आम्ही खांबाआड होतों. काका म्हणाले, "सलाम, साहेब. हा आमचा मुलगा. ह्याला तुमचें इंग्रजी समजत नाहीं. तो सांगणार नाहीं, म्हणून मी सांगावयास आलों." प्राध्यापकांनीं त्यांस खुर्ची दिली. ते आम्हांस म्हणाले कीं उद्यांपासून पहिल्या बाकावर बस, न कळलेले दहा शब्द रोज लिहून काढ, आणि चार वाजतां मला दाखीव. दहाच शब्द ! माघाच्या सुमारास निम्में व्याख्यान कळूं लागलें. पहिल्या सहामाहींत आम्ही दोन विषयांत नापास झालों तें झालोंच, पण घरीं तसें लिहिलें, आणि वडिलांचें उत्तर आलें त्यांत बैलांचा उल्लेख नव्हता.

पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलास असें वाटत असतें कीं सर्वांस सर्व कळतें, आपणच एक मूढ आहों. त्यास मोहनदास गांधींची हकीकत सांगावी. ते १८८७ सालीं मॅट्रिक झाले, आणि १८८८ च्या आरंभीं भावनगरच्या सामळदास कॉलेजांत गेले. तेथें त्यांस सारें अवघड वाटलें. प्राध्यापक उत्तम होते, पण आपणच कच्चे होतों, असें त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणीं लिहून ठेविलें आहे. पहिलें सत्र संपतांच ते घरीं परत आले. त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं ते मुंबईहून विलायतेस निघाले, आणि तेथेंही आरंभीं रात्रींमागून रात्रीं आईच्या आठवणीनें त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाही. आईपाशीं मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ घेऊन ते गेले होते. त्या शपथेमुळें कित्येक दिवस ते अर्धपोटीं राहिले, व फॅरिंग्डन रस्त्यावर शाकाहारी खाणावळ सांपडली तेव्हां कोठें पोटभर जेवले. मग पोषाखाचें वेड शिरलें. बाँड रस्त्यावर सूट शिवला, उंच टोपी घेतली, नाचाची शिकवणी लाविली, व्हायोलिन विकत आणिलें. असे सुमारें तीन महिने गेले. नंतर डोळे उघडले, खर्च कमी केला व पैपैचा हिशेब ठेवूं लागले. शाकान्न मागणारा दानीएल यांच्यांत आहे आणि भरकटलेला विद्यार्थीही आहे. दोघे एकाच अंगांत, एकाच वर्षांत. आपला मुलगा दिवाळीस विचित्र केस कापून घरीं आला, तर त्यास बाहेर काढण्याची घाई करूं नये, एवढें तरी यावरून ध्यानांत यावें.

आतां यिर्मयाच्या पत्राकडे वळूं. इ. स. पूर्वीं ५९७ सालीं आणखी पुष्कळ लोक बाबेलास नेण्यांत आले, त्यांस यिर्मयानें यरुशलेमेहून पत्र पाठविलें. त्या वेळीं हनन्या नांवाचा दुसरा संदेष्टा (दानीएलाचा सोबती तो हा नव्हे) लोकांस गोड वाटेल असें सांगत होता, कीं दोन वर्षांत सर्व परत येतील, धीर धरा. यिर्मयानें सत्तर वर्षें सांगितलीं. आणि मग जें सांगितलें तें आमच्या मतें वसतिगृहाच्या प्रत्येक भिंतीवर लावावें असें आहे : तेथें घरें बांधून राहा, मळे लावा व त्यांचें फळ खा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें आहे त्याचें कुशल इच्छून त्यासाठीं प्रार्थना करा, कारण त्याच्या कुशलांतच तुमचें कुशल आहे.

वळकटी न सोडतां तीन वर्षें काढणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. शनिवार आला कीं घर, सोमवारीं दुपारीं परत. खोलींत खिळा मारिला नाहीं, शेजाऱ्याचें नांव ठाऊक नाहीं, ग्रंथालयाचें कार्ड काढिलें नाहीं. आणि हल्लीं तर घर मोबाइलमधून चोवीस तास खिशांत असतें. आई दिवसांतून चार वेळां विचारते, जेवलास का ? मायेचेंच आहे तें. पण मुलाचा पाय बाबेलांत आणि कान यरुशलेमेंत, अशी त्याची स्थिति होते. आयांनीं आठवड्यांतून दोनदां बोलावें आणि वेळ ठरवून बोलावें. 'करमत नसेल तर ये निघून' हें हनन्याचें वाक्य आहे. तें तोंडावर येईल तेव्हां गिळावें.

मळा लावणें म्हणजे काय, हें मुलास साध्या शब्दांत सांगतां येतें. एका शिक्षकास आपलें नांव माहीत असावें. निराळ्या जातीचा, निराळ्या धर्माचा एक तरी सोबती असावा. तेथील मंडळींत एक काम हातीं घ्यावें, मग तें सतरंज्या झाडण्याचें का असेना. काम हातीं असलें कीं ओळख आपोआप होते. आणि पैशांची अडचण असेल तर श्रमाची लाज धरूं नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व गरीब मुलांस श्रम करून शिकण्याची वाट दाखविली. पुणें विद्यापीठांतही 'कमवा आणि शिका' ही योजना आहे. पौल प्रेषित तंबू शिवून आपलें पोट भरीत असे, हें आपण उपदेशांत सांगतों, परंतु आपलाच मुलगा वाचनालयांत पुस्तकें पुसतो असें ऐकिलें तर चारचौघांत तो विषय टाळतों !

आईबापांस कांहीं व्यवहाराच्या गोष्टीही ठाऊक असाव्या. कॉलेजांत एका विषयांत नापास होणें म्हणजे वर्ष बुडणें नव्हे. ज्यास मुलें ए. टी. के. टी. म्हणतात, त्या नियमानें ठराविक मर्यादेपर्यंत राहिलेले विषय मागाहून देतां येतात व पुढच्या वर्गांत बसतां येतें. हें न कळल्यामुळें घरीं रडारड होते आणि मुलगा निकाल लपवूं लागतो. दुसरें, वरच्या वर्गांतील मुलांनीं नव्यांस छळणें, ज्यास रॅगिंग म्हणतात, तो थट्टेचा विषय नसून गुन्हा आहे. महाराष्ट्रांत त्याविरुद्ध १९९९ सालचा कायदा असून त्यांत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तक्रारीसाठीं १८००-१८०-५५२२ हा फोन आहे, तो बॅगेच्या आंतल्या बाजूस लिहून द्यावा. 'सोस, मोठा हो' असा सल्ला देण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

शरीराविषयीं एक शब्द. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यक शिकावयास गेल्या तेव्हां अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या मिशन कॉलेजांत त्यांनीं जाहीर सांगितलें होतें कीं आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं. आमच्या मिशनच्या जुन्या लोकांस तें रुचलें नसेल, पण दानीएलाच्या अध्यायाशीं तें जुळतें, असें आम्ही तरी म्हणूं. तेथील थंडी व परकें अन्न यांनीं त्यांची प्रकृति खंगली. १८८६ सालीं पदवी मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत त्या क्षयानें पुण्यास वारल्या, बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. मेसचे पैसे वांचवून घरीं पाठविणारीं, चहावर दिवस काढणारीं मुलें आपल्या मंडळ्यांतून गेलेलीं आहेत. त्यांचें कौतुक करूं नये. त्यांस जेवावयास सांगावें.

आणि कित्येकदां दुःख पोटाच्याही खालीं उतरतें. मुलगा फोन उचलत नाहीं, निजूनच राहतो, आवडीच्या वस्तु वांटून टाकितो, माझ्यावांचून तुमचें बरें चालेल असें बोलतो. अशा वेळीं 'तुझा विश्वास कमी पडला' असें म्हणणें क्रूरपणाचें आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत पडला होता. देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि पुन्हां भाकर दिली. त्यानंतर प्रवास. तेव्हां असें चिन्ह दिसतांच त्याच दिवशींच्या एस. टी. नें कोणी तरी जावें व त्याच्याजवळ राहावें. सरकारनें २०२२ पासून १४४१६ हा फोन सुरू केला आहे. पैसे पडत नाहींत, मराठींत बोलतां येतें, आणि पलीकडे मनाच्या दुखण्याचीं जाणतीं माणसें असतात. डॉक्टराकडे जाणें हा प्रार्थनेचा अपमान नव्हे.

हें सर्व लिहिण्याचा आम्हांस कितपत हक्क आहे, तें आतां सांगितलें पाहिजे. आमच्या शब्बाथशाळेंत वाढलेला एक मुलगा गेल्या वर्षीं कॉलेजास गेला. आम्हींच एस. टी. पाशीं प्रार्थना केली. जून ते डिसेंबर आम्हीं त्यास एकदांही फोन केला नाहीं. पहिल्या सत्राच्या परीक्षेंत तो दोन विषयांत उत्तीर्ण झाला, चारांत राहिला, आणि नाताळास घरीं आला तो परत गेलाच नाहीं. मंदिराच्या ओट्यावर कोणी म्हणालें, "काय, साहेब परत आले वाटतें ?" लोक हसले. आम्ही तेथें होतों. आम्ही हसलों नाहीं, पण बोललोंही नाहीं. त्या दिवसापासून तो उपासनेस येत नाहीं. वीटभट्टीवर हिशेब लिहितो, आणि आम्हांस पाहून रस्ता बदलतो.

दानीएलाबरोबर हनन्या, मिशाएल व अजऱ्या असे तिघे होते. आमच्या मुलाबरोबर कोणीही नव्हतें.

गेल्या आठवड्यांत आम्ही त्याच्या कॉलेजांत जाऊन आलों. २०२० च्या शिक्षणधोरणानंतर जी नवी पद्धति आली आहे, तींत उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहतात. त्याचे दोन विषय जमा आहेत. राहिलेल्या चारांचा अर्ज करतां येतो. कचेरींतील बाईंनीं कोरा अर्ज दिला, आणि त्याच्या वर्गशिक्षकांस तो आठवत होता. ते म्हणाले, मागच्या बाकावर बसणारा, अक्षर सुंदर असलेला मुलगा, त्याला पाठवा. अर्ज आमच्याजवळ आहे. येत्या सोमवारीं सायंकाळीं, भट्टी सुटल्यावर, आम्ही त्याच्या घरीं जाणार आहों. प्रथम ओट्यावरच्या त्या गोष्टीबद्दल क्षमा मागावयाची आहे, आणि मग, तो बसूं देईल तर, अर्जाविषयीं बोलावयाचें आहे. वाचकांनीं त्याच्यासाठीं व आमच्यासाठीं त्या सायंकाळीं प्रार्थना करावी.